स्वस्त राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: अभ्यासिकेतील तीन जुन्या यंत्रांचे काय करावे?

प्रश्न: अभ्यासिका_वरचा_मजला

नमस्कार.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवतो. दोन मजले, छत्तीस खुर्च्या, आणि सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत उघडे दार. स्थानिक केबलचालकाकडून ५० एमबीपीएसची फायबर जोडणी घेतलेली आहे. भिंतीवर त्यांचा पांढरा ओएनटी डबा (फायबरची तार जिथे येऊन संपते ते यंत्र) आहे आणि त्याच्या पुढे माझा राउटर पीपीपीओई या पद्धतीने, म्हणजे केबलचालकाने दिलेले नाव व पासवर्ड वापरून, जोडणी लावतो.

अडचण अशी आहे की दुपारी दोन ते पाच या वेळेत बहुतेक मुले वर्गांचे थेट प्रक्षेपण पाहतात, आणि तेवढ्यात कोणाच्या फोनने अपडेट उतरवायला घेतले किंवा कोणी प्रश्नसंचांची मोठी फाइल ओढायला लावली, की बाकी सगळ्यांचे चित्र थांबते आणि आवाज तुटू लागतो. वेगाची चाचणी एकट्याने घेतली तर ४७–४८ एमबीपीएस मिळतात, त्यामुळे केबलचालकाला दोष देता येत नाही. मी पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) लावून वहीत नोंद ठेवली: रिकाम्या वेळी १४ मिलिसेकंद, आणि कोणी डाउनलोड सुरू केले की ३५० ते ४००.

माझ्याकडे तीन राउटर आहेत. सध्या वापरात शाओमीचा मी राउटर ४सी आहे, आणि टीपी-लिंकचे डब्ल्यूआर८४१एन या नावाचे दोन जुने राउटर कपाटात पडून आहेत. या यंत्रांवर मूळ फर्मवेअर (राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर) काढून ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारलेले मुक्त फर्मवेअर घातले तर हा त्रास कमी होतो, असे मी वाचले. मुलांकडून महिना सहाशे रुपये घेतो आणि त्यातूनच भाडे, वीज आणि इन्व्हर्टरची बॅटरी भागवावी लागते, म्हणून नवीन काही घेण्याआधी आहे त्यात काय करता येईल हे समजून घ्यायचे आहे. लिनक्स मला वापरण्यापुरते येते; टर्मिनलची भीती वाटत नाही. मात्र राउटर डेड झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता छत्तीस मुले नेटशिवाय बसतील, याची भीती नक्की वाटते. शिवाय असे करणे कायद्याला धरून आहे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर: तांब्याची_तार

आपण पिंगचे आकडे लिहून ठेवलेत, हे फार चांगले केलेत, कारण रोगाचे निदान त्यातच आहे. १४ वरून ४०० वर जाणे म्हणजे वेग कमी पडणे नव्हे. जोडणीच्या अरुंद तोंडापाशी डेटाची रांग साचते आणि त्या रांगेत सगळ्यांचे सगळे अडकते. रेशनच्या दुकानात एका माणसाने अख्ख्या गल्लीची पोती एकदम भरायला काढावीत आणि मागे पावकिलो साखरेसाठी उभी असलेली म्हातारी तासभर ताटकळावी, तसा हा प्रकार आहे. थेट वर्गाच्या आवाजाचा तुकडा साखरेइतकाच लहान असतो. त्याला लागते ती फक्त वेळेवर पाळी. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दोषाला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले आणि त्यानंतर डेव्ह टॅट यांच्यासारख्या मंडळींनी अनेक वर्षे खपून त्यावर उपाय तयार केले. त्यातला ‘केक’ नावाचा उपाय २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तो रांग आखूड ठेवतो आणि प्रत्येक यंत्राला आपापला वाटा देतो, मग एका फोनने वीस जोडण्या उघडल्या तरी त्याला वाटा एकाचाच मिळतो. स्वस्त राउटरच्या मूळ फर्मवेअरमध्ये ही सोय सहसा नसते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ती एसक्यूएम या नावाने बसवता येते, आणि तुमच्या बाबतीत फर्मवेअर बदलण्याचे हेच खरे कारण आहे.

कायद्याबद्दल: राउटर तुमच्या मालकीचा असेल तर त्यात कोणते सॉफ्टवेअर चालवायचे हा तुमचा प्रश्न आहे. या चळवळीची सुरुवातच परवान्याच्या अटींतून झाली. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला, त्यात लिनक्स असल्याचे लोकांच्या लक्षात आले, आणि लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्यानुसार २००३ मध्ये कंपनीला त्याचा स्रोत (मूळ कोड) खुला करावा लागला. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला तो त्याच पायावर. जपायचे ते रेडिओचे नियम. फर्मवेअर घातल्यावर देशाच्या जागी भारत निवडावा आणि जास्त ताकद मिळते म्हणून दुसऱ्या देशाचे नाव टाकू नये. केबलचालकाने दिलेला ओएनटी डबा मात्र त्यांच्या मालकीचा आहे, त्याला हात लावू नका.

आता तुमच्या यंत्रांबद्दल. मी राउटर ४सी मध्ये मीडियाटेकची ७६२८ मालिकेची चिप, १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची जागा) आणि ६४ एमबी रॅम आहे. हे फार नाही, पण या कामाला पुरते. डब्ल्यूआर८४१एन बद्दल मात्र केवळ नावावरून काहीच सांगता येत नाही. एकाच नावाखाली दहाबारा आवृत्त्या निघाल्या आणि आतली चिप, फ्लॅश, रॅम सगळे बदलत गेले. राउटर उलटा करून स्टिकरवर अनुक्रमांकाच्या आसपास छापलेली आवृत्ती वाचा आणि इथे लिहा. तोपर्यंत कोणतीही फाइल उतरवू नका, कारण या छंदात जितके राउटर डेड झालेले मी पाहिले, त्यातले बहुतेक ‘मॉडेल तर हेच आहे’ असे म्हणून चुकीच्या आवृत्तीची फाइल घातल्यामुळे गेले.

उत्तर: हिशेब_आधी

वरील उत्तरातील निदानाशी मी सहमत आहे, पण उपायाबद्दल वेगळे मत मांडतो, कारण प्रश्न एका घराचा नसून छत्तीस विद्यार्थ्यांचा आहे.

४सी हा एका कुटुंबासाठी बनवलेला राउटर आहे. त्याचे सगळे पोर्ट शंभर एमबीपीएसचे आहेत, वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचे आहे, आणि प्रोसेसर ५८० मेगाहर्ट्झचा एकच गाभा आहे. केकला प्रत्येक पॅकेटचा हिशेब प्रोसेसरवरच करावा लागतो. त्यात पीपीपीओईचे आवरण काढण्याचे काम, आणि त्यातच तीस फोनांचे वाय-फाय, असे तिन्ही बोजे त्या एका गाभ्यावर टाकले, तर रांग ओएनटीमधून उठून राउटरमध्ये येईल, एवढाच फरक पडेल. शिवाय या चिपच्या वाय-फायचा मुक्त ड्रायव्हर जास्त यंत्रे जोडली की अडखळतो, अशा तक्रारी मी स्वतः वाचलेल्या आणि अनुभवलेल्या आहेत.

माझा सल्ला असा की शक्य असेल तर दोनतीन महिन्यांत थोडे पैसे बाजूला काढून एक बऱ्यापैकी राउटर घ्यावा. तो घेताना मात्र जाहिरातीतला वेगाचा आकडा पाहू नये. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर यंत्रांचा तक्ता आहे. आधी तिथे मॉडेल आणि आवृत्ती शोधावी, किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असल्याची खात्री करावी, आणि मगच दुकानात जावे. उदाहरणार्थ टीपी-लिंक आर्चर सी६ ची तिसरी आवृत्ती या मापात बसते. तिच्यात मीडियाटेकची ७६२१ ही दोन गाभ्यांची चिप आहे. त्याच सी६ ची दुसरी आवृत्ती वेगळ्या कंपनीच्या चिपवर आणि निम्म्या फ्लॅशवर बनलेली आहे. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असलेली यंत्रे या कामासाठी टाळावीत, कारण त्यांचे पुरेसे मुक्त ड्रायव्हर नाहीत. ऑनलाइन मागवले तर खोक्यात कोणती आवृत्ती येईल हे विक्रेता सांगत नाही, म्हणून शक्यतो दुकानातच जाऊन, काउंटरवर खोक्यावरचे स्टिकर वाचून, मगच पैसे द्यावेत.

अभ्यासिका_वरचा_मजला

दोघांचेही मनापासून आभार. कपाटातले राउटर काढून, धूळ पुसून, बॅटरीच्या उजेडात स्टिकर वाचले. एकावर आवृत्ती ९ आहे आणि दुसऱ्यावर १३. दोघांचे अडॅप्टर ९ व्होल्टचे आहेत आणि दोन्ही चालू होतात. ४सी च्या खाली आर४सीएम असे छापलेले आहे.

नवीन राउटरचा सल्ला मला पटतो, पण पुढच्या महिन्यात पूर्वपरीक्षा आहे आणि मुलांना आताच गरज आहे. तोवर या तिघांतून काही जमेल का?

उत्तर: तांब्याची_तार

जमेल, आणि ‘हिशेब_आधी’ यांनी दाखवलेली अडचण लक्षात घेऊनच जमवू या. त्यांचे म्हणणे बरोबर आहे की ४सी ने सगळी कामे करू नयेत. म्हणून त्याला एकच काम द्यायचे: दारावरचा राखणदार. पीपीपीओई आणि एसक्यूएम त्याने सांभाळायचे आणि त्याचे वाय-फाय पूर्ण बंद ठेवायचे. त्याला लॅनचे (आतल्या जोडण्यांचे) दोनच पोर्ट आहेत. त्यांतून एक केबल खालच्या मजल्यावरच्या ८४१ ला आणि एक वरच्या मजल्यावरच्या ८४१ ला न्यायची, आणि वाय-फायचे काम त्या दोघांनी वाटून घ्यायचे. ५० एमबीपीएसची जोडणी ही त्या प्रोसेसरच्या ताकदीच्या काठावर आहे, पण वाय-फायचा बोजा काढला तर तो तेवढे पेलतो. माझ्या घरी हाच राउटर, वाय-फाय बंद ठेवून, दीड वर्ष ४२ एमबीपीएसची मर्यादा घालून चालवलेला आहे. जोडणी १०० ची असती तर मी हा मार्ग सुचवला नसता.

दोन्ही ८४१ वर काहीही फ्लॅश करू नका, म्हणजे नवे फर्मवेअर लिहू नका. नववी आवृत्ती ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमची आहे. तेवढ्या जागेत ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची अधिकृत मालिका १९.०७ ही बसत होती आणि तिची देखभाल २०२२ मध्ये थांबली. आज ती घालणे म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारे सॉफ्टवेअर हौसेने घालणे. तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम आणि मीडियाटेकचीच चिप आहे, त्यामुळे तिच्यावर घालता येते, पण तुम्हाला तिच्याकडून हवे आहे ते फक्त वाय-फाय आणि ते मूळ फर्मवेअर नीट देते. या दोघांना इंटरनेटसमोर उघडे न ठेवता राखणदाराच्या मागे ठेवले की त्यांच्या जुनेपणाचा धोकाही बराच कमी होतो.

४सी चे काम मी केले तसे क्रमाने सांगतो.

कामासाठी रात्री अकरानंतरची वेळ निवडा, राउटर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, आणि संगणक केबलने जोडा. वाय-फायवरून हे करायचे नाही. या राउटरचे मूळ फर्मवेअर बाहेरची फाइल स्वीकारत नाही, म्हणून आधी आत शिरण्याची वाट उघडावी लागते. ओपनडब्ल्यूआरटी-इन्व्हेजन नावाची पायथनमधील मुक्त स्क्रिप्ट ते काम करते. राउटरच्या पानावर लॉगिन केले की ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘एसटॉक’ या शब्दापुढे अक्षरे-अंकांची लांब माळ दिसते; ती माळ जशीच्या तशी स्क्रिप्टला द्यावी लागते. पुन्हा लॉगिन केले की ती बदलते, म्हणून ताजीच वापरा. लिनक्सवरून हे सुरळीत होते, विंडोजवर अडखळते. काही नव्या मूळ आवृत्त्यांत ही वाट बुजवलेली आहे. तसे आढळले तर आधी राउटरच्याच अपडेटच्या पानावरून जुने मूळ फर्मवेअर घालून मग प्रयत्न करावा.

टेलनेटने (दुसऱ्या यंत्रावर आज्ञा चालवण्याच्या साधनाने) आत गेलात की पहिले काम फ्लॅश करणे नाही. पहिले काम आहे संपूर्ण फ्लॅशची प्रत काढणे. पहिल्याच विभागात अख्खी चिप दिसते. तिची प्रत राउटरच्या तात्पुरत्या जागेत काढा आणि एफटीपीने संगणकावर आणा. फाइलचा आकार बरोबर १,६७,७७,२१६ बाइट असला पाहिजे. एक बाइटही कमी भरला तर प्रत पुन्हा काढा. मग ती पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवर अशी दोन ठिकाणी ठेवा.

त्यानंतर ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर निवडण्याच्या पानावर मी राउटर ४सी हे नाव टाका. त्याच पानावर जास्तीची पॅकेजे लिहून स्वतःची फाइल बांधून घेता येते. तिथे एसक्यूएमचे पान आणि हवे तर लूसी या मांडणीच्या वेब-पानांचे मराठी भाषांतर आधीच मिसळून घ्या. असे केले की राउटरमध्ये नंतर काही उतरवावे लागत नाही आणि फ्लॅशची जागाही वाचते. उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ बेरीज-आकडा (फाइल धड उतरली का हे दाखवणारी खूण) पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा. लिहिताना विभागाचे नाव ‘ओएस१’ असेच असले पाहिजे. आज्ञा टाकण्याआधी बोट एंटरवरून उचला आणि ते नाव मोठ्याने वाचा. बूटलोडरच्या (राउटर सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामच्या) विभागात लिहिले गेले तर राउटर उघडून चिपला क्लिप लावण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. ‘ओएस१’ मधली फाइल बिघडली आणि बूटलोडर शाबूत असेल, तर मात्र रीसेट दाबून ठेवून वीज दिल्यावर तो केबलवरून मूळ फर्मवेअर मागून घेतो, म्हणून ती चूक दुरुस्त होण्यासारखी आहे.

राउटर स्वतःहून पुन्हा सुरू होईल आणि १९२.१६८.१.१ या पत्त्यावर दिसेल. वाय-फाय सुरुवातीला बंदच असते. अनेकजण इथेच घाबरून वीज काढतात, तसे करू नका. पहिल्यांदा सुरू व्हायला त्याला तीनचार मिनिटे द्या. आत गेल्यावर सर्वांत आधी पासवर्ड ठेवा, कारण तो रिकामा असतो. मग लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करा, म्हणजे ओएनटीच्या पत्त्याशी टक्कर होणार नाही. वॅनसाठी, म्हणजे ओएनटीकडच्या बाजूसाठी, पीपीपीओई निवडून नाव आणि पासवर्ड भरा. जोडणी लागलीच नाही तर केबलचालकाने मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख-क्रमांक) बांधून ठेवलेला असण्याची शक्यता आहे; जुन्या स्थितीत वॅनचा जो मॅक होता तो आधीच वहीत लिहून ठेवा आणि तो इथे भरा.

एसक्यूएममध्ये पीपीपीओईची वॅन निवडायची, रांगेसाठी केक आणि लिपी म्हणून ‘पीस ऑफ केक’. चाचणीत ४७ मिळतात म्हणून ४७ लिहू नका. दोन्ही दिशांना ४२,००० किलोबिटने सुरुवात करा, म्हणजे रांग ओएनटीऐवजी तुमच्या राउटरमध्ये, तुमच्या नियमाने लागेल. हे पाचसहा एमबीपीएस सोडून द्यायला मन तयार होत नाही, पण उपायाची किंमत तेवढीच आहे आणि ती मोजावी लागते. जोडणीच्या आवरणासाठी ४४ बाइट लिहा. मग एकीकडे मोठे डाउनलोड लावून दुसरीकडे एसएसएचमधून टॉप ही आज्ञा चालवा. सॉफ्ट इंटरप्टचा आकडा (पॅकेट हाताळण्यात जाणारा प्रोसेसरचा वेळ) सतत शंभरीच्या घरात राहिला तर प्रोसेसर दमला आहे असे समजून मर्यादा दोनदोन हजारांनी खाली आणा.

८४१ ची मांडणी सोपी आहे. दोघांवर डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम) बंद, लॅनचे पत्ते १९२.१६८.१०.२ आणि १९२.१६८.१०.३, आणि केबल निळ्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये. एकाला वाहिनी १, दुसऱ्याला ११, रुंदी दोघांची २० मेगाहर्ट्झ, नाव आणि पासवर्ड एकच. रुंदी ४० केली तर दोन मजले एकमेकांच्या वाहिनीवर बोलू लागतील.

उत्तर: रात्रपाळी

प्रतीबद्दल वर जे लिहिले आहे, ते कोणी घाईत ओलांडून जाऊ नये म्हणून माझा अनुभव सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका स्वस्त राउटरवर मी शेजारच्या आवृत्तीची फाइल घातली. चूक सर्वस्वी माझी होती. दिवा लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा लुकलुकायचा. जुन्या एटीएम कार्डाने खाचा सैल करून डबा उघडला. आतल्या सर्किट पाटीच्या कडेला चार बारीक भोके एका ओळीत होती. मल्टिमीटरने त्यातले जमिनीचे भोक शोधले, चौथे विजेचे होते ते मोकळे सोडले, आणि राउटरचा मजकूर संगणकावर वाचू देणाऱ्या यूएसबी-टीटीएल पट्टीवरचा जंपर ५ वरून ३.३ व्होल्टवर सरकवला. ५ व्होल्ट दिले असते तर चिपच गेली असती. ११५२०० च्या गतीवर पडद्यावर नुसता कचरा उमटत होता. तासाभराने गती ५७६०० केली, आणि एकदम स्वच्छ ओळी धावू लागल्या: यू-बूट या बूटलोडरचे नाव, रॅमचे माप, फ्लॅशचे नाव, आणि शेवटी फाइल खराब असल्याची तक्रार. राउटर मेलेला नव्हता. तो काय झाले ते सांगत होता, माझे ऐकण्याचे साधनच चुकीचे लावलेले होते.

त्या क्षणी टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) रॅममध्ये तात्पुरती प्रतिमा चढवून काम झाले असते. पण मला धीर धरवला नाही. कुठून तरी त्याच मॉडेलच्या अख्ख्या फ्लॅशची फाइल मिळवली आणि क्लिप लावून प्रोग्रामरने चिपवर लिहून टाकली. राउटर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की त्याचा मॅक पत्ता स्टिकरशी जुळत नाही, तो त्या अनोळखी माणसाच्या राउटरचा होता. मॅक मी दुरुस्त केला, पण वाय-फायची पोहोच अर्ध्यावर आली ती आलीच. कारखान्यात प्रत्येक पाटीच्या रेडिओची जी वेगळी जुळणी केलेली असते, ती फ्लॅशच्या एका लहानशा विभागात लिहिलेली असते. माझ्या पाटीची जुळणी मी स्वतःच्या हाताने पुसली होती आणि ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो राउटर आता वाय-फाय बंद करून नुसता केबल वाटण्यासाठी वापरतो.

म्हणून त्या १६ एमबींच्या प्रतीतून कारखान्याच्या जुळणीचा तेवढा विभागही वेगळी फाइल म्हणून काढून ठेवा. मी आता प्रत्येक राउटरची अशी प्रत मॅक पत्त्याच्या शेवटच्या सहा अक्षरांच्या नावाने साठवतो आणि तेच नाव राउटरच्या पोटाला चिकटपट्टीवर लिहितो.

अभ्यासिका_वरचा_मजला

काल रात्री सव्वाअकराला काम सुरू केले आणि सव्वाएकला संपले.

मूळ फर्मवेअरची आवृत्ती नवी निघाली आणि स्क्रिप्ट पहिल्या प्रयत्नात शिरली नाही, म्हणून जुने फर्मवेअर घालून पुन्हा प्रयत्न केला. प्रतीची फाइल पहिल्या वेळी अपुरी आली. एफटीपी मजकुराच्या पद्धतीने चालू होते, ते बायनरीवर नेल्यावर आकडा शेवटच्या बाइटपर्यंत जुळला. ‘रात्रपाळी’ यांचे उत्तर वाचल्यामुळे जुळणीचा विभाग वेगळा काढला आणि तिन्ही राउटरच्या पोटाला चिकटपट्टी लावली. ‘ओएस१’ मोठ्याने वाचले. राउटर पुन्हा सुरू होईपर्यंतची चार मिनिटे फार मोठी वाटली.

केबलचालकाने मॅक बांधलेला नव्हता, जोडणी लगेच लागली. ४२,००० वर टॉपमधला आकडा वरचेवर शंभरीला टेकत होता, म्हणून ३९,००० वर आणले. आता तो ऐंशीच्या आसपास राहतो. आज दुपारी तीन वाजता, वर्ग सुरू असताना, मी मुद्दाम माझ्या लॅपटॉपवर मोठे डाउनलोड लावले आणि पिंग पाहत बसलो. २२, १९, २६, २१. खालच्या मजल्यावर एकोणीस आणि वरच्या मजल्यावर चौदा यंत्रे जोडलेली होती आणि कोणीही मान वर करून पाहिले नाही. मागच्या आठवड्यात याच वेळी तिघेजण मोबाइलचा स्वतःचा डेटा लावून बसले होते.

एक शंका उरली आहे. वरच्या मजल्यावरचा फोन घेऊन जिना उतरले तरी तो बराच वेळ वरच्याच राउटरला चिकटून राहतो आणि तेवढ्यापुरते नेट हळू होते. यावर काही करता येईल का?

उत्तर: तांब्याची_तार

३९,००० वर थांबलात हे योग्य केलेत; ते आकडे तसेच राहू द्या.

जिन्यातली अडचण फोनच्या बाजूची आहे, कारण राउटर कधी सोडायचा हे फोन ठरवतो आणि जोपर्यंत थोडाफार सिग्नल येतो तोपर्यंत तो सोडत नाही. मूळ फर्मवेअरच्या प्रगत वाय-फाय पानावर प्रसारणाची ताकद उच्च, मध्यम आणि निम्न अशी ठेवता येते. दोन्ही ८४१ मध्यमवर आणा, म्हणजे वरच्या मजल्याचा सिग्नल जिन्याच्या मध्यावरच क्षीण होईल आणि फोन लवकर दुसरा शोधेल. तसे केल्यावर कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसून एकदा तपासा. कोपरा कोरडा पडला तर राउटर भिंतीवरून उतरवून खोलीच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर न्या, पण ताकद पुन्हा वाढवू नका.